हिरवा दिवा आणि उपटसुंभ

हा माणूस मला कधीच आवडला नाही. सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून गोड शब्दांची अपेक्षा करणार नाही. त्याला उपटसुंभ हे नाव मीच ठेवलं आणि आठवड्याभरात ते अख्ख्या इमारतीत पसरलं. मला त्याचा आनंद झाला होता.

आमचं काम रुग्णवाहिका पाठवण्याचं. लोक घाबरून नंबर फिरवतात, आमच्या आठ टेबलांपैकी एकावर घंटी वाजते, आम्ही पत्ता विचारून गाडी सोडतो. त्या आठ टेबलांची प्रमुख मी, बावीस वर्षं. आणि त्या घंट्या ज्या तारांवरून येतात त्यांची काळजी घेणारा तो. मागच्या बाजूला एक थंडगार खोली होती, तिथे लोखंडी कपाटात दोन राउटर. एकाला तो थोरला म्हणायचा, दुसऱ्याला धाकटा. थोरल्याला मुख्य लाइन. धाकट्याला दुसऱ्या कंपनीची लाइन, दुसऱ्या रस्त्यानं आलेली. थोरल्याची लाइन मेली की धाकट्यानं सात सेकंदांत काम उचलायचं. एरवी धाकटा नुसता बसून. सरकारी पगार खाणारा जावई, असं मी म्हणायचे.

एवढ्यावर भागलं असतं तर आमचं वैर नसतं. पण हा माणूस दर मंगळवारी सकाळी अकराला थोरल्याची वायर स्वतःच्या हातानं उपटायचा. चालती वायर! धाकटा जागा होतो का ते बघायला. त्या सात सेकंदांत जे फोन चालू असतील ते तुटायचे.

"बाई, अकराला काढतोय," दारातून एवढंच म्हणायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"आज नको. दोन मुली रजेवर आहेत."

"लाइन तुमच्या मुलींची रजा बघून जाणार आहे का?"

"अहो, मागच्या मंगळवारी चालली ना तुमची दुसरी लाइन? मग?"

"मागच्या मंगळवारी तुम्ही जेवलात ना? मग?"

असं बोलायचा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. वर, तुटलेल्या प्रत्येक फोनचा नंबर तो माझ्याकडून लिहून घ्यायचा आणि त्याच्यासमोर उलटा फोन करायला लावायचा. पाठीशी उभा राहून. मला, बावीस वर्षं याच टेबलाशी घासलेल्या बाईला!

घरीही तो असाच असणार असा माझा अंदाज होता आणि तो खरा निघाला. एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभाला तो बायकोला घेऊन आला होता. बाई हसतमुख, बोलकी. हिच्या पदरात हा कसा पडला कुणास ठाऊक. ती सांगत होती, "गजराची घड्याळं दोन, तीही वेगवेगळ्या खोल्यांत. चष्मे दोन, छत्र्या दोन. किल्ल्यांचा एक जुडगा शेजारी, एक माझ्या भावाकडे. मला तर संशय येतो, कुठेतरी दुसरी बायकोही तयार ठेवली असेल." सगळे हसले. त्यानं बशीतून मान वर न काढता सांगितलं, "तिलाही दर मंगळवारी तपासावं लागलं असतं." बायको सगळ्यांत जास्त हसली. मी हसले नाही. त्याच्या तोंडचा विनोदसुद्धा मला सहन होत नव्हता.

मग एका मंगळवारी मला हवं ते मिळालं. एका म्हातारीचा फोन होता, नवरा न्हाणीघरात पडलेला. पत्ता अर्धा सांगून झाला आणि अकरा वाजले. फोन तुटला. उलटा फोन केला तर तिचा लागेना, ती तिकडून पुन्हा आमचाच नंबर फिरवत होती. चार मिनिटं गेली. आजोबा वाचले, पण मी ते चार मिनिटांचं प्रकरण सोडलं नाही. तीन पानी तक्रार लिहिली, आठही टेबलांच्या सह्या घेतल्या आणि साहेबांच्या हातात दिली. आमचे साहेब म्हणजे कुठलीही कटकट नको असलेला माणूस. त्यांनी त्याच दिवशी हुकूम काढला: चाचण्या बंद, खोलीला कुलूप, किल्ली साहेबांच्या खणात. शिफ्टप्रमुखाच्या, म्हणजे माझ्या, लेखी संमतीशिवाय तारांना हात लावायचा नाही. त्याला खाली भांडारात बसवलं, स्ट्रेचर आणि चादरी मोजायला. मी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

दहाएक दिवसांनी तो वर आला. हातात एक कागद.

"बाई, संमती हवी. दहा मिनिटं."

"कशाला?"

"मुख्य लाइनच्या कंपनीनं आपल्या खोलीत नवा डबा बसवलाय. तुमच्या साहेबांनी दार उघडून दिलं त्यांना, मला विचारलंही नाही. आधी लाइन सरळ थोरल्यात यायची. आता डब्यात येते, डब्यातून थोरल्यात."

"मग काय झालं? चालतंय की."

"लाइन बाहेर रस्त्यात तुटली तरी डबा चालूच राहणार. थोरल्याला समोर डबा दिसतो, दिवा हिरवा राहतो. त्याला वाटतं सगळं ठीक आहे. तो धाकट्याला उठवणारच नाही. दिवा बघून चालणार नाही, पलीकडच्या टोकाला हाक मारून उत्तर येतंय का ते बघायला सांगायला हवं थोरल्याला. ते बसवून, एकदा वायर काढून बघायचं."

वायर हा शब्द आला आणि माझं डोकं फिरलं. बाकीचं मी ऐकलं खरं. खोटं कशाला बोलू, मला समजलंही होतं. पण हा माणूस चादरी मोजता मोजता पुन्हा माझ्या आठ टेबलांवर हुकूमत गाजवायला आला, एवढंच मला दिसत होतं.

"ठेवा. बघू पुढच्या आठवड्यात."

"पुढच्या आठवड्यात म्हणजे कधी?"

"बघू म्हटलं ना!"

तो कागद तीन आठवडे माझ्या टेबलावर पडून होता. दोनदा तो विचारायला आला. दुसऱ्यांदा मी मुलींसमोर म्हटलं, "अहो, चादरी भरल्या का मोजून?" मुली खिदळल्या. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच नजर वळवली. तेव्हापासून तो वर यायचा बंद झाला. पण दर तासाला आमच्याकडे एक मुका फोन यायला लागला. उचलला की ठेवून द्यायचा. त्याचाच नंबर होता. मी त्याचीही तक्रार टाकली.

बुधवार होता. दुपारचे पावणेतीन. एरवी त्या वेळेला दर दोन-तीन मिनिटांनी एखादी घंटी वाजतेच. त्या दिवशी वाजेना. पाच मिनिटं झाली, आठ झाली. माझ्या शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली म्हणाली, "आज सगळं गाव ठणठणीत दिसतंय हो बाई."

"नजर लावू नकोस," मी म्हटलं.

आम्हाला बरं वाटत होतं! हे लिहिताना आजही लाज वाटते. पाय मोकळे करून बसलो होतो. कुणीतरी मुलीच्या लग्नाच्या साड्यांचे फोटो काढले, आम्ही चौघी-पाचजणी भोवती जमलो. कुठला रंग चांगला यावर माझंही मत होतं. भिंतीवरच्या पाटीवर सगळे दिवे हिरवे. जो फोन वाजत नाही त्याच्याकडे कोण बघतं? आम्ही फोन उचलायला शिकलेली माणसं. न वाजणारा फोन ऐकायला आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, आणि ज्याला येत होतं त्याला मी चादरींत गाडून ठेवलं होतं.

एकोणीस मिनिटांनी तो जिन्यावरून धावत वर आला. तीनचा त्याचा मुका फोन लागलाच नव्हता. हातात स्ट्रेचरचा लोखंडी दांडा. घामानं निथळलेला, आणि तोंडातून जे शब्द येत होते ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. साहेब बैठकीला बाहेर गेलेले, किल्ली त्यांच्या खणात, खणाला कुलूप. त्यानं दारावरच्या कडीत दांडा घातला आणि कडी उखडून काढली. आम्ही मागे धावलो. आत थोरल्याचा दिवा हिरवागार, नव्या डब्याचाही हिरवागार. त्यानं वायर धरली आणि उपटली.

दिवा विझला. सात सेकंद. मग बाहेर आठही टेबलांवर एकदम घंट्या सुरू झाल्या.

आम्ही धडपडत जागेवर गेलो. माझ्या पहिल्या फोनवर एक पुरुष होता. मी ठरलेलं वाक्य म्हटलं, "रुग्णवाहिका नियंत्रण कक्ष, काय झालंय सांगा."

मग तो म्हणाला, "वीस मिनिटं लावतोय फोन. आईला धाप लागली होती." अगदी शांत आवाज. "आता राहू द्या."

मी तरीही पत्ता मागितला, गाडी सोडली. उपयोग झाला नाही. बाकीच्या सात टेबलांवर जे होते ते सगळे वाचले. तेवढं समाधान मी कुणाला सांगू?

चौकशी लागली. आरोप कुणावर, तर त्याच्यावर. कुलूप फोडलं, हुकूम मोडला, चालती वायर काढली. रस्त्यात खोदकाम करताना बाहेरची लाइन तुटली होती, ती कंपनीची जबाबदारी. आत सगळे दिवे हिरवे, म्हणजे आमचा दोष नाही, असं साहेबांचं म्हणणं. माझा जबाब होण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं.

"बाई, तुमच्याकडे त्याचा कसला अर्ज वगैरे आला नव्हता ना? आला असता तर नोंद असती."

मला कळलं. मी 'नाही' म्हटलं की मी सुटले, साहेब सुटले आणि त्याची नोकरी गेली. त्याची धाकटी मुलगी अजून शाळेत होती. त्याचा मला रागच होता. तो गेला असता तर माझे मंगळवार सुखाचे झाले असते. रात्रभर तळमळले वगैरे म्हणणार नाही, चांगली झोपले. पण सकाळी दात घासताना तो शांत आवाज डोक्यात आला आणि जाईना.

चौकशीत मी कागद पुढे ठेवला. "अर्ज आला होता. तीन आठवडे माझ्याकडे होता. मी मुद्दाम अडवला." साहेबांचा चेहरा उतरला. माझी दोन वर्षांची पगारवाढ गेली, शिफ्टप्रमुखपद गेलं. त्याला पुन्हा वर घेतलं.

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं की तो काहीतरी बोलेल. आभार नकोत, पण दोन शब्द. मी स्वतःच त्याच्या खोलीत गेले. तो जमिनीवर बसून थोरल्याला काहीतरी शिकवत होता.

"तुमची नोकरी वाचली," मी म्हटलं.

"वाचणारच होती. खरं तेच सांगितलंत ना?" त्यानं मान वर केली नाही. "त्यात उपकार कसले?"

"मी खोटं बोलू शकले असते."

"बोलला असतात तर मी तुम्हाला आणखी हलकट समजलो असतो. आता आहे तेवढंच समजतो." मग त्यानं वर बघितलं. "त्या माणसाला फोन केलात?"

"कुठल्या?"

"कुठल्या म्हणून काय विचारता? तुटलेल्या फोनला उलटा फोन करायचा असतो. बावीस वर्षांत एवढं समजलं नाही?"

"त्याला काय सांगू मी? आई गेलीय त्याची!"

"ते मला काय विचारता? अर्ज माझ्याकडे नव्हता पडलेला."

त्यानं उठून टेबलावरचा फोन ओढला. खिशातून एक चिठ्ठी काढली, नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला. घ्या असं म्हटलंही नाही. नुसता धरून उभा राहिला. इतका दुष्ट माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

पलीकडून "हॅलो" आलं. तोच आवाज.

बावीस वर्षं माझं पहिलं वाक्य ठरलेलं. ते निघेना. "हॅलो, कोण?" त्यानं पुन्हा विचारलं.

"त्या दिवशी तुमचा फोन लागत नव्हता," मी म्हटलं, "तो माझ्यामुळे."

"तुम्ही कोण?"

मी त्याला माझं नाव सांगितलं.