मानाची धार

आमच्या गोठ्यात आधी धार कोणत्या गाईची काढायची, हे मानावर ठरत असे. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात आजोबांच्या गाईच्या वंशातली ती मानाची गाय. पहिली धार तिची, आणि ते दूध देवाला. मग दुसरी. शेवटी आईची. ती कालवड असताना वणीच्या मामांनी आईला दिली होती आणि त्या वर्षी पहिल्यांदाच व्याली होती. नव्वदच्या दशकातल्या आमच्या एकत्र घरात आईचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

उन्हाळ्यात मानाच्या गाईची कास दगडासारखी टणक झाली, दुधात गाठी येऊ लागल्या. जनावरांचे डॉक्टर आले. सडात औषध सोडून त्यांनी थोरल्या काकांना बजावलं, "हा जंतूंचा रोग आहे. हातावरून, फडक्यावरून दुसरीला लागतो. हिची धार सगळ्यात शेवटी काढा."

डॉक्टरांची मोटारसायकल वळली आणि काका म्हणाले, "मानाची गाय शेवटी? आपल्यात असं कधी झालं नाय."

दुसऱ्या पहाटे पुन्हा तीच पहिली. तिचं दूध देवापुढे ठेवण्याजोगं राहिलं नव्हतं, उकिरड्यावर ओतत होते, पण मान सुटत नव्हता! मग त्याच हातांनी, त्याच ओल्या फडक्याने कास पुसत काका पुढच्या गाईकडे.

आई पदर सावरत म्हणाली, "दादा, माझ्या गाईची धार मी काढते. सगळ्यांच्या आधी."

"काल आलेली गाय आधी? मग उद्या तूच कारभार कर की!"

वडील तिथेच चारा टाकत होते. ते हूं की चूं करेनात. त्या गप्प बसण्याचा मला काकांइतकाच राग येतो, अजून येतो.

व्हायचं तेच झालं. आधी मधली गाय आटली. मग आईची गाय हात लावू देईना, वासरू तोंड लावायला गेलं की लाथ झाडी. कास लालबुंद, तापलेली. औषधाने जीव वाचला, पण दोन सड कायमचे गेले. काका म्हणाले, "लय नजर लागली गोठ्याला." स्वतःच्या हाताने रोग वाटत फिरलेला माणूस नजरेला दोष देत होता, आणि घरातली मोठी माणसं मान डोलावत होती. माझं डोकं फिरलं.

आईने गाय सोडली आणि मागच्या आंब्याखाली बांधली. उरलेल्या दोन सडांचं दूध तिने वासराला पाजलं. संध्याकाळी तिने काकांपुढे कोरा चहा ठेवला.

"दूध कुठंय?" काकांनी विचारलं.

"मानाच्या गाईचं काढून आणा," आई म्हणाली.