जिनिंगच्या आत

माझी मुलगी वाशीमला खोली करून राहते आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. दिवाळीनंतर एकदा फोनवर म्हणाली, "आई, मी अभ्यासिका बदलली. आता जिनिंगमधे बसते."

आमच्या घरात फोन स्पीकरवर लावूनच बोलायची पद्धत आहे, त्यामुळे हे माझ्या मोठ्या जावेनंही ऐकलं. त्या सुपात गेल्या सालची तूर पाखडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "जिनिंगमधे कायचा अभ्यास व पोरी? तिथं त रुईनं नाक भरते."

"मोठी आई, आता कुठली आली रुई? तिथं कॅफे आहे, जिम आहे, टर्फ आहे, कपड्याची दुकानं आहेत. सगळी पोरं तिथंच असतात. तुमी या ना एकदा, दोघीही."

"टर्फ म्हंजे काय?"

"या, मग दाखवते."

इकडे चुलीपाशी माझं भाकरीतलं लक्ष उडालं आणि एक भाकर तव्यावरच करपली. कारण ती कोणत्या जिनिंगबद्दल बोलत होती ते मला कळलं होतं. वाशीमला स्टेशनच्या बाजूला लांबच लांब भिंत असलेली ती जुनी जिनिंग, कापसातली सरकी काढायचा कारखाना. माझं माहेर वाशीमच्या जवळचं. लहानपणी बाबा कापसाची गाडी घेऊन तिथं यायचे आणि मला कापसाच्या ढिगावर बसवून आणायचे. पण फाटकापर्यंतच. फाटकाच्या आत गाडी जायची, बाबा जायचे, माझा मोठा भाऊ जायचा. मला पाहिलं की चौकीदार काठी आडवी धरायचा. "पोरगी बाहेर. आत पट्टे फिरतात, वेणी गुतली त जीव जाईन."

मग मी बाहेर चहाच्या टपरीजवळ भाकरीची थैली सांभाळत बसायची. आतून धडधड यायची, बसल्या जागी जमीन थरथरायची, आणि भिंतीवरून रुईचे बारीक तंतू उडत येऊन माझ्या केसांवर बसायचे. भाऊ बाहेर आला की मी त्याचा सदरा धरून विचारायची, "आत काय आहे?" तो म्हणायचा, "मशीन आहे." यापुढे त्यानं कधी एक शब्द सांगितला नाही. मग मी मनानंच आतली जिनिंग उभी केली होती. तिच्यात हत्तीएवढं एक चाक होतं, आणि कापसाचे डोंगर होते, त्यावरून पोरं घसरगुंडी खेळत असणार असं मला वाटायचं. पुढे लग्न होऊन मी कामरगावकडे आले. इकडे सोयाबीन आलं, कापसाचा पेरा उतरला, आणि एकेक जिनिंग बंद पडत गेली. तीही बंद पडली असं कानावर आलं होतं.

त्याच शनिवारी आम्ही दोघी निघालो. सोबत मुलीसाठी तिळाची चटणी, ज्वारीचं पीठ आणि जावेनं तळलेल्या शेवेचा मोठा डबा. कारंजाला बस बदलली. मंगरूळपीरच्या पुढे मला बसवेना. जाऊबाई खिडकीला डोकं टेकून म्हणाल्या, "काहून व, लग्नाले चालली का? पाय त हलून राह्यले तुये."

बसस्टँडवर मुलगी घ्यायला आली होती. तिनं ऑटोवाल्याला नुसतं "जुनी जिनिंग" म्हटलं आणि त्यानं मान हलवली. एकेकाळी जिथं बैलगाड्यांची रांग लागायची तिथं आता मोटरसायकलींची रांग होती. फाटक तेच. पण त्याला पिवळाधमक रंग दिला होता आणि दोन्ही दारं सताड उघडी होती. मुली स्कूटीवरून सरळ आत जात होत्या, केस मोकळे सोडून.

मी ऑटोतून उतरले आणि थैल्या जावेच्या हातात देऊन आत गेले. मुलगी मागून म्हणत होती, "आई, थांब ना." मी थांबले नाही.

आत एवढी जागा असेल असं बाहेरून कधी वाटलं नव्हतं. मधे मोठं आवार, भोवती उंच पत्र्याच्या शेडा, विटांच्या भिंती तशाच लाल ठेवलेल्या. एका शेडच्या दाराशेजारी चित्र काढलं होतं, भिंतभर पसरलेलं कापसाचं बोंड. त्याच्यासमोर उभं राहून पोरी फोटो काढत होत्या. एका शेडमधून ढोलासारखं संगीत येत होतं. मी डोकावले तर आरशासमोर वीसेक बाया आणि पोरी एकसारख्या नाचत होत्या. त्यांत माझ्या वयाची एक बाई पंजाबी ड्रेसात घाम पुसत होती. माझ्याकडे पाहून तिनं हातानंच "या" म्हटलं. मी लाजून पुढे सरकले, पण पाय तालावर पडू लागले होते हे मला कळत होतं.

पुढच्या शेडमधे जिम. त्याच्या पुढे एक दुकान, तिथं फाटके पँट नवे म्हणून टांगले होते. जाऊबाईंनी एकाचं गुडघ्यावरचं भोक बोटानं चाचपलं आणि दुकानदारीण पोरीला अगदी मनापासून विचारलं, "हे शिवून देत असान ना तुमी?" ती पोरगी बिचारी चांगली होती. म्हणाली, "मावशी, फॅशन आहे. पण तुम्ही म्हणाल तर शिवून देऊ."

कॅफे होता तो प्रेसच्या इमारतीत. म्हणजे जिथं रुई दाबून गाठी बांधायचे तिथं. दारातून आत पाऊल टाकलं आणि मला ते दिसलं. भिंतीला टेकवून उभं केलेलं लोखंडी चाक, काळं रंगवलेलं, आऱ्यांना दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या. हत्तीएवढं नव्हतं. पण चांगल्या म्हशीहून उंच होतं. मी जवळ जाऊन त्याच्यावर तळहात ठेवला. लोखंड गार होतं. मी मुलीला म्हटलं, "हे फिरत होतं. मी बाहेर बसायची तवा हेच फिरत होतं."

"तुले कसं माईत?" जाऊबाईंनी विचारलं.

"जमीन हलायची ना, ती यानंच हलत होती."

वर पाहिलं तर छताखालून एक लांब दांडा गेलेला, त्यावर लहान-मोठ्या चकत्या. मी मान मोडेपर्यंत पाहत राहिले. कॅफेतली पोरंपोरी लॅपटॉप उघडून बसली होती. एका टेबलावर दोघं चिठ्ठ्यांवर काही लिहून भिंतीला चिकटवत होते. कुणी वर पाहत नव्हतं, आणि मला ते बरंच वाटलं. ते सगळं माझ्या एकटीसाठी राखून ठेवल्यासारखं.

मुलीनं कोल्ड कॉफी मागवली. जाऊबाईंनी नळीनं एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "चहा सांडला कोणीतरी बर्फात." पण ग्लास रिकामा करून, तळाला राहिलेला फेसही त्यांनी नळीनं सुरसुर आवाज करत ओढला.

अभ्यासिका जुन्या सरकीच्या गोदामात होती. चपला बाहेर काढायच्या. आत इतकी शांतता की आमच्या बांगड्यांचा आवाज मला मोठा वाटू लागला; मी दोन्ही मनगटं पदरात गुंडाळून घेतली. लाकडी फळ्यांचे छोटे छोटे कप्पे, प्रत्येकात एक दिवा आणि एक वाकलेलं डोकं. किती मुली होत्या त्यात. मुलीनं तिची जागा दाखवली, कोपऱ्यातली, वरच्या झरोक्यातून ऊन पडणारी. टेबलावर नकाशा चिकटवलेला. मी त्या खुर्चीत बसून पाहिलं. पुस्तक उघडलं नाही, नुसती बसले. जाऊबाई माझ्या कानाशी येऊन कुजबुजल्या, "ऊठ, नाई त तुयाच पेपर घेतीन."

ऊन उतरत आलं तसं मुलीनं आम्हाला टर्फकडे नेलं. जिनिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत, जिथं कापसाच्या गंज्या लागायच्या, तिथं हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलं होतं आणि चारी बाजूंनी, वरूनही, जाळी बांधली होती. दर शनिवारी अभ्यासिकेतल्या मुली आणि नर्सिंगच्या मुली तिथं क्रिकेट खेळतात. त्या दिवशी आमच्या मुलीकडच्या दोघी गावी गेल्या होत्या. नर्सिंगच्या मुली टी-शर्ट घालून तयार, आणि इकडे माणसं कमी.

मुलगी माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटलं, "नाही."

जाऊबाई तोवर चपला काढत होत्या. "हिले राहू द्या. मले सांगा, कुठं उभं राहू?"

मग मी कशी मागे राहणार. साडीचा ओचा वर खोचला, पदर कमरेला बांधला आणि त्या गवतावर पाय ठेवला. गुदगुल्या झाल्या. गवताच्या मुळाशी काळे रबराचे बारीक दाणे होते, ते घामेजलेल्या तळव्यांना चिकटत होते. नर्सिंगच्या मुलींची कॅप्टन उंच, सावळी, मोठ्या आवाजाची. तिनं येऊन आम्हाला नमस्कार केला आणि म्हणाली, "काकू, लागलं तर घाबरू नका. आम्ही सगळ्या नर्साच आहोत."

आमची बॅटिंग आधी. जाऊबाईंनी पहिल्याच चेंडूला बॅट अशी फिरवली, जशी कपडे धुताना मोगरी फिरवतात. चेंडू जाळीला लागून परत त्यांच्याच पायाशी आला. त्या तिथंच उभ्या. सगळ्या ओरडत होत्या, "पळा, मोठी आई, पळा." त्या म्हणाल्या, "कायले? चेंडू त इथंच आहे." त्यांच्यानंतर मी आले आणि दुसऱ्या चेंडूला आऊट झाले. पण पहिला चेंडू माझ्या बॅटला लागला होता आणि मी पळून एक धाव काढली होती. शेतात बांधावरून पळते तशी नाही. लहानपणी पळायची तशी. छातीत धडधडत होतं आणि हसू आवरत नव्हतं.

मग त्यांची बॅटिंग. दिवे लागले, मोठे पांढरे. नर्सिंगच्या मुली चांगल्या खेळत होत्या. शेवटी त्यांची कॅप्टनच खेळायला उरली आणि जिंकायला एक चौका पुरणार होता. मला जाळीपाशी उभं केलं होतं, तिथं चेंडू येत नाही म्हणून. तिनं चेंडू उंच उडवला. तो वरच्या जाळीला न लागता, दिव्यांच्या उजेडातून गोल फिरत माझ्याकडे येऊ लागला. मुलगी ओरडली, "आई, कॅच." मला कॅच वगैरे काही सुचलं नाही. कापूस वेचताना आम्ही कमरेला ओटी बांधतो आणि बोंड हातातून सुटलं की ओटी पुढे करतो. तसाच हात गेला. कमरेचा पदर सुटून पुढे आला आणि चेंडू धप्पकन त्यात पडला.

मग भांडण सुरू झालं. नर्सिंगची एक म्हणाली, "पदरात झेललं ते चालत नाही." आमच्याकडची म्हणाली, "जमिनीला लागलं का? मग आऊट." एकीनं मोबाईल काढून नियम शोधायला सुरुवात केली. मी तशीच, पदराची झोळी धरून उभी, चेंडू आत. मला वाटत होतं, सोडला तर आऊट होणार नाही.

जाऊबाई मधोमध गेल्या. दोन्ही हात कमरेवर. म्हणाल्या, "हे पाहा पोरींनो, पदरी पडलं अन् पवित्र झालं. आता काय राह्यलं बोलाचं?"

ती उंच कॅप्टन आधी गंभीर होती. मग तिचे खांदे हलू लागले. ती खाली बसून हसली, बॅट टाकून. उठून माझ्याकडे आली, झोळीतून चेंडू काढला आणि माझा हात वर केला. "काकू जिंकल्या," म्हणाली. दोन्हीकडच्या मुली आमच्याभोवती गोळा झाल्या. जावेनं शेवेचा डबा उघडला आणि तो तिथंच, त्या प्लास्टिकच्या गवतावर, संपला.

कारंजाची शेवटची बस गेली होती, रात्री मुलीच्या खोलीवरच राहायचं ठरलं. मी घरी फोन केला. मालकांनी विचारलं, "काहून येऊन नाही राह्यल्या? काय झालं?"

"मॅच होती," मी सांगितलं.

"कोणाची?"

"आमची."

त्यांनी तिकडे टीव्हीचा आवाज बारीक केला. मग म्हणाले, "जिंकल्या का?"

सकाळी आम्हा दोघींच्या मांड्या अशा भरून आल्या होत्या की बसची पायरी चढताना कंडक्टरनं हात दिला. पण गावात पोचून जाऊबाईंनी पाणीसुद्धा न पिता गल्लीतल्या बायांना सगळं सांगितलं. चाक सांगितलं, नाच सांगितला, फाटके पँट सांगितले, आणि माझी कॅच त्यांच्या सांगण्यात प्रत्येक घरी थोडी अजून उंचावरून येत गेली. ज्या बाया बाजाराला निघायच्या तरी नवऱ्याला चार वेळा विचारतात, त्यांनी त्याच आठवड्यात मला रस्त्यात गाठून विचारलं, आपल्यालाही खेळू देतात का. मुलीनं नर्सिंगच्या मुलींना विचारलं. त्यांचं उत्तर लगेच आलं, या, पण पदर बांधून या.

सोयाबीन विकून मोकळ्या झालो, तूर अजून उभी होती, अशा मधल्या शनिवारी आम्ही कामरगावची जीप ठरवली. पुढच्या सीटवर जाऊबाई, मागे आम्ही बाया दाटीवाटीनं, मांडीवर डबे. एकीनं सुनेचे बूट घातले होते आणि ते तिला चावत होते. ड्रायव्हरनं आरशातून आमच्याकडे पाहिलं. एवढ्या बाया एकत्र, नव्या साड्या, डबे. त्यानं साहजिकच विचारलं, "पोहरादेवीच्या दर्शनाले का?"

"नाही," जाऊबाई म्हणाल्या, "जिनिंगमधे. अन् जरा पळव बापू, आमची बॅटिंग पहिली आहे."