सिस्टरांचं रबराचं झाड

सिस्टरांचा राग नाकावर असतो, हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. जिन्यात कुणी सिगारेटचं थोटूक टाकलं तर दार उघडून त्या अशा काही बघत, की माणूस ते उचलून स्वतःच्या खिशात घाले. उभा जन्म वॉर्डात काढलेला, डॉक्टरांनासुद्धा हात धुवायला परत पाठवणारी बाई ती. निवृत्त झाल्या तरी नाव सिस्टरच राहिलं, आणि आवाजही तोच. पण त्या आठवड्यात त्यांना ज्याचा राग आला होता त्याला कान नव्हते. ते कमरेएवढं रबराचं झाड होतं, आणि ते भराभर पानं गाळत होतं.

"गाळ मेल्या, गाळ," सिस्टर त्याला म्हणाल्या. "खायला-प्यायला घालते ना तुला? मग कसलं एवढं दुखणं काढलंयस?"

झाड त्यांचं नव्हतं, धाकट्या बहिणीचं होतं. आजार बळावला तेव्हा धाकटी सिस्टरांकडे राहायला आली, ती एक बॅग आणि ही कुंडी घेऊन. आतल्या खोलीत तिचा पलंग लागला. सिस्टरांनी तिचं सगळं केलं, अगदी सगळं, आणि थंडी संपता संपता ती गेली. घर माणसांनी भरलेलं असताना धाकटीची मुलगी सिस्टरांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, तू आईला सुखानं मरूसुद्धा दिलं नाहीस."

सिस्टर तेव्हा मूग गिळून बसल्या. ती वेळ भांडायची नव्हती, एवढं त्यांनाही कळत होतं. पण ते वाक्य मनात रुतलं ते रुतलंच. भांडी घासताना त्या नळाला उत्तर देत. मी सुखानं मरू दिलं नाही? मग कोण देणार होतं, तू? कधीमधी येऊन उशाशी फुलं ठेवून जाणारी तू? आणि आता तीच भाची रविवारी झाड न्यायला येणार होती. आईची तेवढीच एक जिवंत वस्तू उरलीय, असं फोनवर म्हणाली. आणि धाकटीच्या खोलीतून कुंडी बाहेर काढल्यापासून झाड तर पानं गाळत सुटलं होतं. तिच्या हातात बोडकी काठी द्यायची, म्हणजे तिचं ते बोलणं आपल्याच हातानं खरं करून द्यायचं. हा विचार आला की सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

म्हणून त्या हात धुऊन झाडाच्या मागे लागल्या. सकाळी कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत, ऊन सरकलं की बैठकीच्या खोलीत, संध्याकाळी गॅलरीत मोकळ्या हवेला. शिवाय दर वेळी ती थोडी वळवायची, एकच बाजू उजेडाकडे राहायला नको. वॉर्डातला पहिला धडा त्यांच्या हाडीमांसी खिळला होता. पडून असलेल्या पेशंटला एका अंगावर ठेवायचं नाही, कूस बदलत राहायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. नर्स कामाची की कामचुकार, हे त्या पेशंटची पाठ बघून सांगत. त्यांनी झाडाची पानं ओल्या फडक्यानं पुसली, खत घातलं, काडीनं माती उकरून पाहिली. कुंडी ओढून ओढून फरशीवर ओरखडे उठले आणि सिस्टरांची कंबर धरली. शेजारच्या काकांनी दारातून विचारलं, "काय सिस्टर, पेशंटला फिरायला नेताय?" त्यांच्या तोंडावर दार बंद झालं.

अति तिथे माती म्हणतात ते काही उगाच नाही. सेवा वाढली तशी पानगळही वाढली. खालचं एक पान पिवळं पडे आणि डोळ्यांदेखत टपकन गळे, देठाशी पांढरा चीक साचे. शनिवारी शेंड्याला मोजकी पानं उरली होती. त्यातलं एक सिस्टरांच्या पुसण्यानंच निखळून हातात आलं. त्यांनी ते केराच्या बादलीत असं आपटलं की बादली कलंडली.

रविवारी भाची आली आणि दारातच थबकली.

"हे काय झालंय याचं?"

"मला काय विचारतेस? त्यालाच विचार. माझ्याकडून काही कमी झालेलं नाही."

भाचीची नजर फरशीवरच्या ओरखड्यांकडे गेली. "तू हे सारखं हलवतेस?"

"मग काय, एका जागी सडू देऊ?"

"आमच्याकडे ते कायम एकाच कोपऱ्यात होतं, मावशी. जागा बदलली की रुसतं, पानं टाकतं, असं आई म्हणायची. पाणी घालायची, बाकी हातही लावायची नाही."

सिस्टरांचा चेहरा उतरला, पण राग लगेच धावून आला. "मग मला कुणी सांगितलं हे? सगळं मीच ओळखायचं? तुझ्या आईच्या वेळीही तेच. तुम्ही सगळे लांबून बोलणारे. तिच्या पाठीवर साधा लाल डाग नव्हता, जा, विचार कुठल्याही डॉक्टरला. शेवटपर्यंत एक डाग नव्हता."

"डाग नव्हता," भाची म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि सिस्टरांना त्याचाच जास्त राग आला. "झोपही नव्हती. फोनवर रडायची ती. जरा डोळा लागला की ताई येते आणि उठवते, म्हणायची. आता फार दिवस नाहीत, आराम करू द्या, असं डॉक्टर तुलाच म्हणाले होते ना?"

"जखम झाली असती तिला."

"झाली असती तर झाली असती, मावशी."



भाचीनं झाड नेलं नाही. आता प्रवास घडला तर उरलंसुरलंही जाईल, म्हणाली. आतल्या खोलीत पलंगाशेजारी, धाकटी असताना ते जिथे होतं तिथेच, दोघींनी मिळून कुंडी ठेवली. "आता त्याला हात लावू नकोस," एवढं सांगून भाची निघाली. चहाही घेतला नाही.

सिस्टर पलंगाच्या कडेवर बसल्या. हातांना काम नव्हतं आणि रागाला माणूस नव्हतं. भाची तर गेली होती. मग तो राग फिरून धाकटीवर गेला. "लेकीला सांगितलंस," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "मला सांगायला काय झालं होतं? मी काय खाणार होते तुला? एकदा तोंड उघडून म्हणायचंस, ताई, नको." आणि त्यांनी उशीवर मूठ आपटली.

मूठ तिथेच राहिली. कारण धाकटी म्हणाली होती. एका दुपारी, डोळे न उघडता, जेमतेम ऐकू येईल असं. "ताई, आज राहू दे ना गं. आत्ता कुठे डोळा लागलाय." सिस्टरांना स्वतःचा आवाजही आठवला, वॉर्डातला, खणखणीत. "पेशंटचं ऐकत बसले असते तर एकही जगला नसता," असं म्हणून त्यांनी चादर ओढली होती आणि तिची कूस बदलली होती.