वाणात लिनक्स
तिळगुळाचा वास आला की जुळे सोलापुरातलं माझ्या घरचं एक हळदीकुंकू आठवतं. लिनक्स ही सगळ्यांना खुली, फुकट ऑपरेटिंग सिस्टीम घरोघरी पोचावी म्हणून मी दीडशहाणीनं वाण म्हणून तिच्या सीड्या वाटल्या आणि सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्यावर तासभर भाषण ठोकलं. बायका सीडीत बघून टिकल्या सरळ करत होत्या. जुन्या, रखडणाऱ्या कॉम्प्युटरवर टायपिंगची कामं धरू बघणाऱ्या शेजारणीनं विचारलं, "वहिनी, ह्यात मराठी टाइप होतंय का, तेवढं सांगा की." "अगं, जरा मोठा विचार कर!" मी फटकारलं, कारण सीडी मी स्वतः कधी लावलीच नव्हती. तिनं घरी लावली, खटपट करून मराठी उमटवलं, कामं मिळवली, मग चौघीजणी तिच्याकडं शिकायला गेल्या. कॉलनीत लिनक्स कुणी आणलं असं कुणी विचारलं, तर मी आजही निर्लज्जपणे स्वतःचंच नाव सांगते.