रामाराव सरांना थांबवायचे उपाय

शिक्षकांच्या खोलीत किस्से जमवावे लागत नाहीत. दोन तासांच्या मधल्या पाच मिनिटांत कान उघडे ठेवले की आठवड्याची बेगमी होते! चेन्नईच्या अण्णा नगरातल्या आमच्या शाळेत त्या वर्षी सगळे किस्से एकाच प्रश्नाभोवती फिरत होते: रामाराव सर जाणार का?

सर तंजावरकडचे मराठी, बारावीला गणित शिकवायचे. पेरुंगुडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं त्यांना ट्रेनर म्हणून बोलावलं होतं. आणि बोर्डाची परीक्षा तोंडावर!

मी नुकतीच अमेरिकेत शिक्षणशास्त्र शिकून, देश घडवायला परतले होते. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "मोटिव्हेशन शिकून आलीयेस ना? मग थांबव त्यांना!"

*

मी ताबडतोब वर्कशॉप घेतलं. विषय, 'मी शिक्षक का आहे?' सगळ्यांनी डोळे मिटून अंतर्मनात डोकवायचं होतं. थोड्या वेळानं म्हटलं, "आता डोळे उघडा." निम्म्यांनीच उघडले.

फिजिक्सच्या शांता मिस जाग्या होत्या. तिथल्या रीतीप्रमाणे मला त्या लाडानं 'मा' म्हणायच्या. "मी का टिकले सांगू, मा? बस थेट शाळेच्या गेटसमोर थांबते. स्टॉप हलवला, की राजीनामा!"

*

मॅडमचा उपाय वेगळा. पोंगलला प्रत्येकाला एव्हरसिल्व्हरचा, म्हणजे आपल्या स्टीलचा, चकचकीत डबा, झाकणावर मॅडमचं नाव कोरलेलं. शांता मिसनी झाकण उघडलं, आत पाहिलं, परत लावलं.

"काय शोधताय?" मॅडमनी विचारलं.

"पगारवाढ!"

*

मग खास रामाराव सरांसाठी 'बेस्ट टीचर' पुरस्कार निघाला. लोकशाही दिसावी म्हणून गुप्त मतदान. निकाल लागला: प्रत्येकाला एक मत. शांता मिसना तेवढी दोन, आणि सरांना एकही नाही. शाळेत स्वतःला मत न देणारे ते एकटेच निघाले!

*

शेवटी सर एक दिवस रजा टाकून पेरुंगुडीला डेमो देऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी त्यांना घेरलं. "कसं काय, सर?"

"एसी झकास. कॉफीचं मशीन. समोर सगळे इंजिनिअर. एकदा सांगितलं, समजलं त्यांना."

"मग?"

"मग काय! उरलेला तास खिडकीतून रस्ता बघितला." तरी घरच्यांचा आग्रह होता. दुपारपर्यंत होकार कळवायचा होता.

आदल्या दिवशी त्यांच्या वर्गावर मी गेले होते. पुस्तकं बंद, बाकं गोलाकार, गटागटानं इंटिग्रेशनवर नाटुकलं! मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. म्हणून मी मोठ्या मनानं म्हटलं, "सर, बारावीची काळजी नको. चला, दाखवतेच."

आम्ही वर्गात गेलो. सर दाराशीच थबकले. जरा भीतभीतच त्यांनी विचारलं, "काल या मॅडमनी इंटिग्रेशन शिकवलं म्हणे. समजलं?"

"इल्ल सार!" अख्खा वर्ग एका सुरात नाही म्हणाला.

"कुणालाच?"

"इल्ल सार!"

सरांनी बाह्या वर सरकवल्या, खडू उचलला आणि माझ्याकडे वळून हात जोडले.

"फार उपकार झाले, मा!"