चार ड्रायव्हर आणि देन्की

माणसे बेकार झाली की किस्से वाढतात. कामावर असताना बोलायला सवड कुणाला! सुर्ल्याची खाण बंद पडली आणि माझा मंगेश व त्याचे तीन ट्रक ड्रायव्हर दोस्त आमच्या बल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या बैठकीवर, दिवस काढू लागले.

जपानला म्हाताऱ्यांची सेवा करायला माणसे हवीत, असे त्यांना कळले. चौघे डिचोलीला जपानी शिकायला जाऊ लागले. मंगेश नापास व्हावा, असे मला वाटे. घरात आम्ही दोघेच.

* * *

एकदा मंगेश बटणापाशी उभा राहून घोकत होता, "देन्की, देन्की."

"काय ते?"

"बाबा, देन्की म्हणजे वीज. घरातल्या दिव्यालाही देन्कीच म्हणतात."

"बरे करतात. आपल्याकडे दोन्ही एकदमच जातात!"

* * *

सरावाला म्हातारा हवा होता. मलाच खाटेवर निजवले! मंगेशने मला काखेत धरून उचलले. त्या तिघा दोस्तांपैकी सोयरू मागे कदेल, म्हणजे खुर्ची, धरून उभा. खाणीवरची सवय जाते कुठे? ट्रक मागे घेतात तसा ओरडला, "येऊ दे, येऊ दे... डावीकडे मार... बस!"

म्हटले, "सोयरू, माझ्यात खनिज भरलेय काय रे?"

"नाही काका, रिकामीच गाडी."

खरे बोलला.

* * *

मुलाखतीला जपानी साहेब स्वतः डिचोलीला आला. बोलता बोलता तिन्हीसांज झाली. कुणीतरी साहेबाच्या डोक्यावरचा दिवा लावला. चौघांनी सवयीने दिव्याला हात जोडले, मान वाकवली. साहेबाला वाटले, आपल्यालाच! तो उठून कमरेत वाकला. हे पुन्हा वाकले. तो आणखी वाकला.

चौघेही पास! माझे पोर गेले.

* * *

मंगेश भरदुपारी व्हिडिओ फोन करतो. तिकडे तेव्हा तिन्हीसांज असते. परवा त्याच्या मागे सगळा काळोख; जनेल, म्हणजे खिडकी, तेवढी पुसट दिसत होती.

"दिवा लाव रे."

"मी सांभाळतो ते आजोबा लावू देत नाहीत, बाबा. देन्की म्हटले की हात धरतात. इथे वृद्धाश्रमात दिवा लागला की भेटीची वेळ संपते ना. मुलगा यायचाय म्हणतात."

"येतो?"

"मी आल्यापासून नाही."

"लांब असतो काय?"

मंगेशने फोन जनेलाकडे वळवला. मग म्हणाला, "जनेलातून त्याचे घर दिसते."