बारा व्हॉल्व्ह आणि भुजंगप्रयात

गौरवाच्या लेखाची सुरुवात तक्रारीने करू नये, हे मला कळते. तरीही तक्रार जाहीरपणेच नोंदवतो. प्रा. मुरलीधर भंगाळे यांनी इतक्या वर्षांत जळगावहून धुळ्याला मला पाठवलेल्या एकाही पोस्टकार्डावर मायना नाही. 'सप्रेम नमस्कार' राहू द्या, माझे नावसुद्धा नाही. एकाच्या तर पहिल्याच ओळीत: "तिसरी पिढी बिघडली." आमच्या घरी हे कार्ड आधी वडिलांच्या हाती पडले, त्याचे परिणाम मी भोगले आहेत.

सरांची पहिली भेट चाळीसगाव स्टेशनावरची. मी संस्कृतचा मास्तर, ते गणिताचे प्राध्यापक. बाकावर बसून ते नाणे उडवत होते आणि वहीत शून्य नाही तर एक लिहीत होते. नाणे घरंगळून रुळांत गेले, तसे ते माझ्याकडे वळले.

"तुम्ही सांगा. शून्य किंवा एक, मनाला येईल ते."

"कशासाठी?"

सोनगीरजवळच्या एका बागेत ठिबकचे बारा व्हॉल्व्ह होते. कोणते एकत्र उघडले तर शेवटच्या झाडापर्यंत पाणी पोचेल, हे सरांना शोधायचे होते. उघडा म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य. अशा चाळीस ओळी आंधळेपणाने मांडायच्या, त्यांतल्या बऱ्या निवडायच्या, एकीचा अर्धा भाग दुसरीला जोडायचा, मधूनच एखादा आकडा बदलायचा आणि पुढची पिढी काढायची. उत्क्रांतीची ही रीत यंत्राला शिकवण्याचा त्यांना ध्यास होता.

"मग यंत्रच सांगेल की आकडे."

"यंत्राच्या यदृच्छेवर माझा विश्वास नाही. तुम्हाला यातलं काही कळत नाही, म्हणून तुम्ही उत्तम."

इतकी मनापासूनची प्रशंसा मला त्यानंतर लाभली नाही. मी चाळीस ओळी सांगितल्या.

पंधरा दिवसांनी कार्ड आले. कॉलेजातला एकुलता एक संगणक दोन दिवस चालून जागच्या जागी होता, कारण माझ्या बहुतेक ओळी सख्ख्या जुळ्या होत्या. शून्य एक एक, शून्य एक एक. लघु गुरू गुरू, चार वेळा. वर्षानुवर्षे वर्गात म्हटलेला भुजंगप्रयात बेसावधपणे तोंडातून निघाला होता. जुळ्यांची गाठ मारून पुन्हा जुळेच होणार.

दुसऱ्या कोणी ही फजिती लपवली असती. सरांनी ती परिसंवादात सगळ्यांसमोर वाचली आणि वर म्हणाले, "चूक माझी. माणूस निवडताना मी नमुना तपासला नाही." सुरुवातीला वेगळेपणा नसेल तर निवडीला काही अर्थ नाही, हे आपण तिथे शिकलो, असे ते आजही सांगतात.

बाग ज्यांची, त्या आबांना त्यांनी बांधावर बसून सगळी रीत समजावली. आबा म्हणाले, "सर, यामा नवं काय शे? चांगलं बियाणं ठेवानं, बाकीनं ढोरेसले." चांगले बियाण्याला, बाकीचे गुरांना, या उत्तरावर सर इतके खूश झाले की परतीच्या बसमध्ये म्हणाले, "माझा प्रबंध आबांनी एका दमात संपवला."

माझ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते दर रविवारी एस.टी.ने धुळ्याला येऊन मला वाचून दाखवत. त्यांचे संस्कृत उच्चार असे, की ते सुधारण्यासाठी तरी मला लवकर बरे होणे भाग होते. ते रविवार परत मिळावेत असे फार वाटते. त्या दुखऱ्या डोळ्यासकट.

आता सर निवृत्त झाले आहेत आणि पुढच्या महिन्यात मुलीकडे बंगलोरला कायमचे राहायला जात आहेत. परवा जळगावला गेलो तेव्हा ते वह्या बांधत होते.

"या तिकडे नेणार ना?"

"कशाला? नव्या पोरांकडे वेगवान यंत्रं आहेत. आपल्याविना काही अडत नाही आता."

मी हसलो, चहा प्यायलो आणि धुळ्याची बस धरली.

साठी पूर्ण करणाऱ्या सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची इच्छा आहेच. प्रकृती ठणठणीत आहे, मुलगी प्रेमळ आहे, त्या बाबतीत मी निश्चिंत आहे. मला काळजी वेगळीच वाटते. आपल्याविना काही अडत नाही, हे त्यांना खरेच वाटत असावे, आणि तसे नाही हे मी त्यांना त्या दिवशी सांगितले नाही.